देवयानी: काचेपासून पडद्यापर्यंत

29 डिसेंबर 1888 रोजी इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी वीस इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा फोटो काचेच्या प्लेटवर घेतला. रॉबर्ट्स पेशाने बांधकाम व्यावसायिक, आकाश हा हौसेचा विषय. त्या काचेवर देवयानीचे वळणदार पट्टे स्पष्ट उमटले. ही जन्माला येणारी सूर्यमाला असावी, असं त्यांना वाटलं. 1923 मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांना देवयानीत अंतर सांगणारा सेफीड तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर असल्याचं कळलं. रॉबर्ट्स यांनी लावलेला अर्थ मागे पडला. फोटो मात्र आजही पुस्तकांत छापला जातो.

त्यानंतरचा मोठा काळ फिल्मचा. मंद प्रकाशात फिल्म हळूहळू सुस्तावायची. एक्स्पोजर दुप्पट केलं तरी नोंद दुप्पट व्हायची नाही. म्हणून कोडॅकची टेक्निकल पॅन फिल्म नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणात तासन्‌तास तापवून मगच कॅमेऱ्यात भरत. पुढे तासभर एका ताऱ्यावर डोळा रोखून दुर्बीण सांभाळायची. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी डार्करूमच्या कामाला वेगळीच उंची दिली. मूळ निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्याच पाठीला लावून ते प्रिंट काढत. त्यामुळे केंद्राचा भगभगाट दबायचा आणि बारीक तपशील वर यायचा. फोटोशॉपमधला ‘अनशार्प मास्क’ मुळात हाच.

डिजिटल कॅमेरे आले आणि एका लांब एक्स्पोजरच्या जागी शेकडो छोट्या फ्रेम आल्या. फ्रेम चौपट घेऊन त्यांची सरासरी काढली की नॉइज निम्मा होतो, हे गणित डीपस्कायस्टॅकरसारख्या फुकट सॉफ्टवेअरने घराघरात नेलं. सेन्सरचा स्वतःचा दोष काढायला झाकण लावून काळ्या फ्रेम, म्हणजे डार्क, घ्यायचे. धुळीचे डाग काढायला दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून एकसारख्या उजळ फ्रेम, म्हणजे फ्लॅट, घ्यायचे.

फ्रेमची सरासरी काढून तयार झालेला स्टॅक पहिल्यांदा उघडताना पडदा जवळजवळ काळा असतो. मधोमध एक पुसट गोळा, चार तारे, बस्स. हिस्टोग्रामचा मधला स्लायडर हळूहळू डावीकडे सरकवत नेला की आधी धुळीचे काळे पट्टे दिसतात, मग शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, शेवटी बाहेरच्या भुजांची निळसर झाक. पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आलेला हा प्रकाश फाइलमध्ये आधीपासून असतो. आपण फक्त त्याला जागा करून देतो. म्हणूनच पार्श्वभूमी काळीकुट्ट करून टाकणं मला अजिबात पटत नाही. त्यात भुजांच्या कडाच कापल्या जातात.

गेल्या काही वर्षांत शिकवलेली न्यूरल नेटवर्क आली. 2022 च्या अखेरीस आलेल्या ब्लरएक्सटर्मिनेटरने तारे एका क्लिकमध्ये टोकदार केले. मीही ते वापरतो, पण फोटोखाली तसं लिहितो. प्रक्रियेने दाखवलेलं आणि प्रक्रियेने रचलेलं यांतला फरक मूळ फ्रेमशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

2023 च्या जानेवारीत मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींनी देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशात चमकणारी भलीमोठी कमान जाहीर केली. इतक्या वेळा टिपलेल्या भागात ती कोणाला दिसली नव्हती, कारण ऑक्सिजनचा प्रकाश टिपणाऱ्या फिल्टरमधून इतका वेळ कोणी थांबलंच नव्हतं. कमान खरी की प्रक्रियेचा दोष, हे ठरवायला इतरांनी वेगळ्या दुर्बिणींतून घेतलेल्या फ्रेम तपासल्या गेल्या. कमान त्यांतही होती.

2012 च्या हिवाळ्यातल्या माझ्या देवयानीच्या सगळ्या कच्च्या फ्रेम मी मात्र डिस्कवर जागा हवी म्हणून पुसल्या. उरली ती एक छोटी जेपेग, भुजा कापलेली. तिच्यावर आजचं कोणतंही सॉफ्टवेअर चालवून त्या कडा परत येत नाहीत.

नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास देवयानी महाराष्ट्राच्या आकाशात उंच असते. यंदा ती टिपाल तेव्हा कच्च्या फ्रेम, डार्क आणि फ्लॅट एकाच फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवा, आणि दुसऱ्या डिस्कवर त्यांची एक प्रत काढा.