तीनशे वर्षांची कैद

लोणावळ्याचा कातळ काळा आणि कठीण. पण आषाढ लागला की तोच कातळ भेगाभेगांतून पाझरू लागतो. भाज्याची लेणी कोरणाऱ्यांना हे दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. लेण्यांजवळ त्यांनी पाण्याची टाकी खोदली. दगड टिकतो, पण पाणी अडवीलच असे नाही. मावळातला हा साधा धडा अणुयुगातल्या एका बिकट प्रश्नाला लागू पडतो.

प्रश्न असा, की अणुवीजकेंद्रातला किरणोत्सारी कचरा ठेवायचा कुठे? आपल्याकडे तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले. चुलीतली राख उकिरड्यावर टाकता येते. अणुभट्टीच्या कचऱ्याचे तसे नाही. तो जाळला तरी त्याचा किरणोत्सार जळत नाही. त्यावर औषध एकच, ते म्हणजे काळ. तोवर त्याला पाण्यापासून दूर ठेवायचे.

सर्वांत जहाल द्रव काचेच्या रसात मिसळून थिजवतात. तारापूर व तुर्भे येथे तशी यंत्रणा उभारली गेली. त्याहून सौम्य अशा बऱ्याचशा द्रव कचऱ्यासाठी मात्र आपले नेहमीचे सिमेंट कामी येते. द्रवातले पाणी आटवून किंवा रसायनांनी साका खाली बसवून जो गाळ उरतो, तो सिमेंटमध्ये कालवून पिंपात भरतात. त्याचा दगड बनतो. ओल्या सिमेंटचा क्षार असा, की पुष्कळशा किरणोत्सारी धातू त्यात विरघळतच नाहीत. सीझियम तेवढे चुकार! ते पाण्याबरोबर निसटू पाहते; म्हणून त्याला धरून ठेवणारी खास माती मिश्रणात घालतात.

या सीझियमचे तेज दर तीस वर्षांनी निम्मे होते. तीनशे वर्षांत ते दहा वेळा निम्मे होऊन हजारातला जेमतेम एक भाग उरतो. म्हणजे कैद तीनशे वर्षांची. शिवाजी महाराजांनी लोहगड मोगलांकडून परत घेतला तो १६७० साली. त्याला साडेतीनशे वर्षे होऊन गेली. मुदत एवढी लांब, आणि पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे! ज्याला स्वतःलाच तीनशे वर्षे पुरी झाली नाहीत, त्याच्यावर एवढा भरवसा कसा टाकावा? म्हणूनच एका भिंतीवर कोणी विसंबत नाही. पिंपाभोवती लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा खंदक, त्यावर झाकण, आणि आसपास विंधणविहिरी. त्यांचे पाणी वेळोवेळी तपासायचे. पाझर फुटला तर तेथे कळावे.

प्लुटोनियमचे तेज निम्मे व्हायलाच चोवीस हजार वर्षे लागतात. त्याला खंदक पुरत नाही, खोल खडकच हवा. फिनलंडने त्यासाठी चारशे मीटरहून खोल भुयारे खोदली आहेत. भारतात असे कोठार अजून झालेले नाही.

फ्रान्समध्ये ला मांश येथील कोठार १९९४ साली भरले. त्यावर पुढची तीनशे वर्षे पहारा ठेवण्याचे ठरले आहे. खरी अडचण येथेच आहे. कार्ल्याच्या लेण्यांत दात्यांनी आपली नावे कोरली, ती लोकांनी वाचावीत म्हणून. तरी मधल्या काळात ब्राह्मी लिपीच विसरली गेली, आणि १८३७ मध्ये प्रिन्सेपने ती उलगडीपर्यंत ती अक्षरे मुकीच राहिली. दात्याचे नाव विसरले तर कोणाचे बिघडत नाही; पण खंदकावरची पाटी विसरून पुढच्या एखाद्या पिढीने तेथे विहीर खणली तर? सिमेंट कालवणारे हात आपल्याकडे आहेत. दहा-बारा पिढ्या ती पाटी वाचत राहतील अशी व्यवस्थाही आपल्यालाच लावून द्यायची आहे.