टायरची कसोटी : संगणकात आणि मातीत

ट्रॅक्टरचे इंजिन कितीही बलवान असो, टायर जमिनीला टेकतो तेवढ्याच जागेतून त्याचे बळ कामी येते. चाक जागच्या जागी फिरू लागले की डिझेल जळते, टायर झिजतो आणि नांगरट मात्र पुढे सरकत नाही. म्हणून टायरची परीक्षा हे यंत्रनिर्मितीचे एक महत्त्वाचे अंग होय.

पूर्वी नव्या वाहनाचे नमुने घडवून व चालवूनच बहुतेक दोष शोधावे लागत. त्यात काळ व पैसा फार खर्ची पडे. आता दोन रीतींची सांगड घालतात. प्रथम खरा टायर परीक्षणयंत्रावर चढवून, त्यावर कमीअधिक भार देऊन, तो वळवून व ब्रेक लावून, त्यात निर्माण होणारे बल मोजतात. ही मापे सूत्रात बसवून संगणकास दिली म्हणजे वाहन वळणावर कसे वागेल, हे ते घडविण्यापूर्वीच अजमावता येते. नेदरलँड्समधील डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पाचेयका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली मांडलेले सूत्र या कामी प्रसिद्ध आहे.

परंतु रस्त्याचे सूत्र शेतास जसेच्या तसे लागू पडत नाही. ओली काळी जमीन व कोरडी मुरमाड जमीन टायरला सारखी पकड देत नाहीत. याकरिता अमेरिकेत ऑबर्न येथे १९३० च्या दशकात मातीचे लांब हौद बांधण्यात आले व त्यांत चाके आणि अवजारे चालवून मोजमापे घेण्यात आली. गणिताचे उत्तर मातीशी जुळले नाही, तर गणित सुधारावयाचे. मातीला दोष देऊन भागत नाही.

ही कसोटी शेतकरी बंधूंनाही घेता येईल. मागच्या चाकावर चुन्याची खूण करावी. अवजार उचलून, चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे. नंतर त्याच शेतात, त्याच गिअरमध्ये, नांगर लावून पुन्हा मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३५ मीटर भरल्यास घसरण १२.५ टक्के झाली. साधारणतः ८ ते १५ टक्के घसरण योग्य समजावी. ती अधिक असल्यास नांगराची खोली कमी करावी किंवा चाकावरील वजन वाढवावे. फारच कमी असल्यास जादा वजन उतरवावे, अन्यथा माती दबते. टायरमधील हवा उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे, मापकाने तपासूनच ठेवावी.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी नांगरटीच्या हंगामापूर्वी हा प्रयोग गावात प्रत्यक्ष करून दाखवावा.