काकांचं हृदय ‘राइट डॉमिनंट’

माघी पौर्णिमेनंतरच्या रविवारी जोतिबाचे खेटे सुरू होतात. पहाटे कोल्हापुरातनं अनवाणी निघालेली माणसं गायमुखाच्या चढाला लागली की ‘चांगभलं’ म्हणायलाही दम उरत नाही. आमचे काका यंदा तिथंच पायरीवर टेकले आणि मोबाइलमधला अँजिओग्राफीचा रिपोर्ट माझ्यापुढं धरला. “डॉक्टर म्हणतोय, ब्लॉकेज न्हाई. मग ह्यो ‘राइट डॉमिनंट’ काय लफडं हाय?”

लफडं काहीच नाही. महारोहिणी हृदयातून बाहेर पडते तिथंच तिला हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन करोनरी वाहिन्या फुटतात, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीच्या. डावी थोडं पुढं जाऊन दुभंगते : एक फाटा समोरून खाली उतरतो, दुसरा डावीकडून मागं वळतो. उजवी उजवीकडून वळसा घालते. मागच्या बाजूचा, तळाचा भाग कुणी भिजवायचा, हे मात्र माणसागणिक बदलतं. दहातल्या साधारण आठांत ते काम उजवीकडं असतं, काहींत डावीकडं, तर काहींत दोघी पाळी वाटून घेतात. ‘डॉमिनंट’चा अर्थ एवढाच. खरं तर राइट डॉमिनंट हृदयातही स्नायूचा मोठा भाग डावीच पोसते. बारसं करणाऱ्यानं जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं.

पुस्तकातली आकृती म्हणजे बहुतेकांचं हृदय, सगळ्यांचं नव्हे. कुणाच्या डाव्या वाहिनीला दोनाऐवजी तीन फाटे फुटतात, कुणाच्यात तिचं सुरुवातीचं खोड दोन सेंटिमीटर लांब, तर कुणाच्यात खोडच नसतं. दोन्ही फाटे महारोहिणीतून वेगवेगळे निघतात. अशा वेळी मनगटातून नळी सरकवणाऱ्या डॉक्टरला नेहमीच्या जागी तोंडच सापडत नाही.

कधी वाहिनी वरून जाता जाता मध्येच स्नायूत बुडी मारते. दर ठोक्याला तेवढा तुकडा चिमटला जातो, तरी बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. कारण डावं हृदय स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या उसंतीत घेतं. चढावर नाडी धावू लागली की आकसते ती नेमकी हीच उसंत.

धोक्याची तऱ्हा वेगळी, आणि विरळा. डावी वाहिनी चुकून उजव्या बाजूनं निघते आणि महारोहिणी व फुफ्फुसाकडं जाणारी मोठी वाहिनी यांच्या बेचक्यातून वाट काढते. तिचं तोंड बऱ्याचदा फटीसारखं अरुंद असतं. जोराच्या श्रमात तिथं रक्त अडलं, तर धडधाकट पोरगं मैदानात कोसळतं. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच यानं व्यावसायिक खेळाची दहा वर्षं गाजवली. 1988 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर साधा डाव खेळताना तो गेला. त्याची तऱ्हा आणखी निराळी. शवविच्छेदनात दिसलं ते असं : डावी वाहिनी जन्मतःच नव्हती, सगळा भार उजवीवर.

म्हणून पळताना किंवा चढताना तरुण पोराला भोवळ आली, छातीत दुखलं, तर ‘उपाशी होता’ म्हणून सोडून देऊ नये. बसल्या जागी काढलेला ईसीजी स्वच्छ येऊ शकतो. वाहिनीचा उगम आणि वाट दाखवायला सीटी अँजिओग्राफी लागते.

काकांनी मोबाइल खिशात टाकला. “म्हंजे आमचं मागचं वावर उजव्या पाटावर. आन् पाट वाहतोय नव्हं?”

“वाहतोय.”

“मग चल. ऊन वर यायच्या आत पोचू.”