हवेतली भाकरी आणि दाबाचा हिशेब

कुकरची तिसरी शिट्टी झाली की आपण गॅस बंद करतो. डाळ शिजली असणार याची खात्री असते. पण त्या बंद भांड्यात नेमके काय घडले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पाणी उकळायचे म्हणजे त्याच्या वाफेला बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करावी लागते. समुद्रकाठी त्यासाठी १०० अंश सेल्सिअस तापमान लागते. महाबळेश्वरला हवा विरळ, म्हणून ९५-९६ अंशांवरच पाणी उकळते. लेहला ८८ च्या आसपास. तिथे जाळ कितीही वाढवला तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्यापुढे तापत नाही, फक्त लवकर आटते. कुकर नेमके उलट करतो. तो वाफ कोंडून दाब जवळजवळ दुप्पट करतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळशा रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. वीस अंशांनी तो चौपट होणार. म्हणूनच डाळ लवकर शिजते.

इथे दाब आणि उष्णता एकमेकांच्या मदतीला येतात. पण नेहमीच असे होत नाही. कधी कधी उष्णता एका हाताने देते ते दुसऱ्या हाताने काढून घेते, आणि मग माणसाला हिशेब मांडावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या अशाच एका हिशेबावर आज जगाची शेती उभी आहे.

१८९८ साली ब्रिस्टल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत अध्यक्ष विल्यम क्रुक्स यांनी एक इशारा दिला. गव्हाला नत्र लागते, ते चिलीमधल्या सोऱ्यातून येते आणि तो साठा कधीतरी संपणार. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी हवेतल्या नत्राकडे वळावे. हवेत नत्र सुमारे ७८ टक्के आहे. अडचण एवढीच की त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. पिकाला ते जसेच्या तसे घेता येत नाहीत.

नत्राचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू एकत्र आले की अमोनियाचे दोन रेणू तयार होतात आणि उष्णता बाहेर पडते. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते: अमोनिया बनतो तसा मोडतोही. कुठेतरी दोन्हींचा समतोल होतो. हा समतोल कोणीकडे झुकेल याचा नियम फ्रान्सच्या आंरी ले शातेलिए यांनी १८८४ साली सांगितला होता. बाहेरून ताण दिला की समतोल तो ताण हलका होईल अशा दिशेने सरकतो. दाब वाढवला तर चार रेणूंचे दोन होणे सोयीचे, म्हणजे अमोनिया वाढतो. तापमान वाढवले तर उष्णता शोषून घेणारी दिशा जोर धरते, म्हणजे अमोनिया मोडतो.

मग थंडच ठेवावे! पण थंडीत नत्राचा तो बंधच तुटत नाही. समतोल अनुकूल असतो, पण तिथे पोहोचायला वेळ किती लागेल याचा भरवसा नाही. समतोल म्हणजे मुक्कामाचे गाव आणि वेग म्हणजे बैलांची चाल. उष्णतेने बैल धावू लागतात, पण गाव मागे सरकते. ५०० अंशांवर साध्या हवेच्या दाबाला अमोनियाचे प्रमाण एक टक्क्याच्या दशांशाएवढे भरते. त्याच तापमानाला दाब २०० पट केला की ते १८ टक्क्यांच्या घरात जाते.

खुद्द ले शातेलिए यांनी १९०१ मध्ये हा प्रयोग करून पाहिला. उपकरणात हवा शिरली, स्फोट झाला आणि त्यांनी नाद सोडला. हातातून निसटलेल्या या शोधाची खंत त्यांना पुढे वाटत राहिली.

जुलै १९०९ मध्ये कार्लस्रूहे येथे फ्रिट्झ हाबर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी हा हिशेब जुळवून दाखवला. दाब हवेच्या पावणेदोनशे पटींच्या आसपास, तापमान ५०० अंशांच्या वर आणि उत्प्रेरक म्हणून ऑस्मियम. उत्प्रेरक समतोल बदलत नाही, फक्त तिथे लवकर पोहोचवतो. पण खरी युक्ती पुढेच होती. अमोनिया उणे ३३ अंशांवर द्रव होतो आणि दाबाखाली तर त्याहून पुष्कळ वरच्या तापमानाला. नत्र आणि हायड्रोजन तसे होत नाहीत. म्हणून बाहेर येणारे मिश्रण गार केले की अमोनिया थेंबाथेंबाने वेगळा होतो आणि उरलेले वायू पुन्हा भट्टीत पाठवता येतात. एका फेरीत थोडेच मिळाले तरी चालते, कारण काहीच वाया जात नाही.

बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून महागड्या ऑस्मियमऐवजी लोखंडावर आधारलेला उत्प्रेरक शोधला. मोठी भट्टी बांधण्याचे काम कार्ल बॉश यांच्याकडे होते. तप्त, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खाई. भिंत ठिसूळ होऊन भट्टी फुटे. बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोके पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निरुपद्रवीपणे निघून जाई. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

वर्षभरात महायुद्ध पेटले. अमोनियापासून खत होते तसे नायट्रिक आम्ल होते, आणि त्यापासून स्फोटके. चिलीची वाट अडवली गेली तरी जर्मनी लढत राहिली, त्यात ओपाऊचा वाटा होता. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरिन सोडला. त्यावर देखरेख हाबर यांचीच होती. क्लोरिनही उणे ३४ अंशांवर द्रव होणारा वायू. दाबाखाली द्रव करून तो नळकांड्यांत भरला होता. झडपा उघडल्या, दाब गेला, द्रवाचा वायू झाला आणि वाऱ्याबरोबर खंदकांकडे निघाला. अमोनिया वेगळा काढणारे आणि हे विष वाहून नेणारे अवस्थांतर एकच होते. १९१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल हाबर यांना अमोनियासाठी मिळाले, तेव्हा अनेकांनी निषेध नोंदवला.

आपल्याकडे तुर्भ्याला आणि अलिबागजवळच्या थळला याच अभिक्रियेने अमोनिया बनतो आणि त्यापासून युरिया. मोठ्या टाक्यांत अमोनिया द्रवरूपात साठवायचा तर दोन वाटा असतात: दाब द्यायचा, नाहीतर उणे ३३ अंशांपर्यंत गार ठेवायचे. यातले काहीही ढळले की द्रवाचा वायू होणार, म्हणून तिथे दिवसरात्र पहारा असतो. जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या नत्रावर पिकते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

बांधावर ठेवलेली युरियाची गोणी पाहताना यातले काही दिसत नाही. पण आपल्या ताटातल्या भाकरीत ५०० अंशांची भट्टी, दोनशे पट दाब आणि ईप्रचा वारा, तिन्ही आहेत. दाब आणि उष्णता यांचे नियम दोन्ही बाजूंना सारखेच लागू पडतात. झडप कशासाठी उघडायची, हे मात्र त्या नियमांत लिहिलेले नाही.