रेडिएशनच्या टेबलावर रोज फोटो कशासाठी?

कर्करोगावर रेडिएशन घेणारे कोणी ना कोणी आता बहुतेक घरांच्या नात्यात असते. हे उपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असे काही आठवडे चालतात. टेबलावर झोपवल्यावर यंत्र अनेकदा आधी फोटो घेते, मग उपचार सुरू होतो. रुग्ण बाहेर आला की घरचे विचारतात, "आजच्या फोटोत गाठ कमी दिसली का?" हा फोटो त्यासाठी नसतोच, हे कळले तर बरीच घालमेल वाचेल.

फोटो टिपते ती एक चपटी पाटी, फ्लॅट पॅनेल डिटेक्टर. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. त्यानंतर कित्येक दशके चित्र फिल्मवर उमटे आणि ती धुवावी लागे. पाटीत फिल्म नसते. तिच्या वरच्या थरावर, बहुधा सीझियम आयोडाइडच्या, क्ष-किरण पडले की प्रकाश निर्माण होतो. त्याखाली सिलिकॉनचे लाखो बारीक चौकोन असतात. ज्या चौकोनावर जितका प्रकाश, तितका विद्युतभार तिथे जमा होतो. तो ओळीमागून ओळ मोजला जातो आणि काही क्षणांत चित्र संगणकावर येते.

उपचाराच्या लिनॅक यंत्रावरही अशी पाटी बसवलेली असते. यंत्र साधारण मिनिटभरात रुग्णाभोवती फिरते. त्या वेळी घेतलेल्या शेकडो चित्रांतून संगणक त्रिमितीय चित्र तयार करतो. उपचार आखताना काढलेल्या सीटी स्कॅनशी ते जुळवून पाहतात आणि फरक आढळल्यास टेबल काही मिलिमीटर सरकवतात. बँकेत सकाळी कालची शिल्लक जुळल्याशिवाय कॅश काउंटर उघडत नाही, तसेच हे.

ही जुळणी लागते, कारण शरीर रोज सारखे नसते. मूत्राशय किती भरले आहे त्यावर प्रोस्टेटची जागा थोडी बदलते. वजन उतरले की चेहऱ्यावरचा मास्क सैल होतो. किरण गाठीवरच पडावेत आणि शेजारचा निरोगी भाग वाचावा, यासाठी हा खटाटोप.

म्हणून पाणी पिण्याची सूचना तंतोतंत पाळावी, अंगावरच्या खुणा पुसू नयेत, मास्क सैल वाटला तर लगेच सांगावे. फोटोनंतर टेबल हलले तरी घाबरू नये, आपण मात्र हलू नये. गाठ किती कमी झाली, हे डॉक्टर तपासणीवरून आणि वेगळ्या स्कॅनवरून ठरवतात, तेही बऱ्याचदा उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी. तोवर रुग्णाला रोज तो प्रश्न विचारू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.