शिवगडाच्या धारेवर कुटजपरीक्षा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात अग्र्य द्रव्यांची गणना करताना कफ, पित्त व रक्त यांचे संग्रहण आणि उपशोषण करणाऱ्या द्रव्यांमध्ये कुटजत्वचेस श्रेष्ठ मानले आहे. पदवी परीक्षेत हे उत्तर आम्ही सर्वांनीच लिहिले आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र या उत्तरावरचा आमचा विश्वास काही दिवस डळमळला.

रक्तप्रवाहिकेने पीडित असा एक खलाशी आमच्या जामसंडे येथील चिकित्सालयात आला. निदानाविषयी शंका नव्हती. आम्ही स्वतः सिद्ध केलेला कुटजघन, तक्र व लघु आहार अशी योजना केली. चौथ्या दिवशीही वेगांची संख्या कमी होईना, रक्त थांबेना, रुग्ण गळून गेला. अखेरीस त्यास सलाइन लावण्यासाठी रुग्णालयात पाठवावे लागले. तो बरा झाला, परंतु आमच्या औषधाने नव्हे. त्या रात्री कोठीतील ‘कुडासाल’ असे लिहिलेले पोते उघडून आम्ही एक तुकडा चघळला. चव किंचित कडवट, बरीचशी लाकडासारखी. अस्सल कुड्याची कडू चव जिभेवरून लवकर जात नाही, हे लहानपणी जंतांसाठी कुड्याचा काढा प्यायलेल्या कोणाही कोकणी माणसास सांगावे लागत नाही. घन करण्यापूर्वी तुकडा चघळून पाहण्याचा साधा कंटाळा आम्ही केला होता, हा दोष व्यापाऱ्याचा नव्हे.

ही हकीकत मित्रमंडळीत सांगितली तेव्हा आणखी दोघांनी आपापल्या कोठीची तशीच कथा सांगितली. त्यातूनच डिसेंबरातील एका रविवारी वनस्पती-परिचयासाठी शिवगडावर जाण्याचे ठरले. वैद्य व औषधी दुकानदार मिळून आम्ही अकरा जण होतो. जामसंड्याच्या दारावरून जाणारा देवगड-निपाणी रस्ता थेट फोंडा घाट चढून दाजीपूरला नेतो, त्यामुळे वाट शोधण्याचे कारण नव्हते. पहाटे निघालो. पोत्यातील सालीचे चार तुकडे कागदात बांधून बरोबर घेतले होते.

शिवगड राधानगरी अभयारण्याच्या परिसरात येतो. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे वन 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशातील पश्चिम घाटाच्या यादीत समाविष्ट झाले. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये येथून पानही तोडून नेता येत नाही. सबब रीतसर परवानगी घेऊन, वाटाड्या सोबत घेऊन, ‘पाहावे, हुंगावे, चित्र काढावे, खुडू नये’ असा नियम आम्ही आधीच केला. आमच्यातील एका ज्येष्ठ वैद्यांचा हात दोनदा सवयीने फांदीकडे गेला आणि दोन्ही वेळा मागे आला.

वाट प्रथम दाट रानातून जाते. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची सावली इतकी की दहा वाजताही थंडी जाणवत होती. ओल्या मातीत गव्याचे ताजे खूर उमटलेले पाहून बोलणे आपोआप थांबले. पुढे झाडी संपते व कातळ उघडा पडतो. मुख्य रांगेपासून कोकणाकडे सरकलेली ही धार आहे. दोन्ही अंगांस उतार, पायाखाली खडबडीत दगड, वारा असा की टोप्या हातात घ्याव्या लागल्या. गडपणाच्या खुणा फार उरलेल्या नाहीत. टोकाशी मात्र जमीन एकदम तुटते आणि खालची दरी, घाटरस्त्याची वळणे, त्यापलीकडे एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या कोकणच्या टेकड्या असे सगळे एकाच वेळी समोर येते. आमच्यातील एकाने देवगडचा दीपस्तंभ दिसल्याचे सांगितले. त्या धुक्यात ते कोणालाच पटले नाही.

त्या कातळावर बसून डबे सोडले आणि कागदाची पुडीही सोडली. साल प्रत्येकाने चघळली. एकाही तोंडाचा रंग बदलला नाही. एका दुकानदार मित्राने महाविद्यालयीन काळातील वाळवलेल्या वनस्पतींची वही आणली होती. तीत पांढऱ्या कुड्याचे पान तपकिरी, तर काळ्या कुड्याचे पान निळसर काळे पडलेले होते. काळ्या कुड्याच्या पानांपासून नीळ काढीत, त्याचा हा पुरावा वीस वर्षांनंतरही वहीत शाबूत होता.

कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. मोठे फळ, श्वेत पुष्प व स्निग्ध पत्र तो पुरुष. श्याम-अरुण पुष्प व बारीक फळ-वृंत ती स्त्री. अनेकजण स्त्रीकुटज म्हणजे काळा कुडा असे सरळ सांगतात. परंतु काळ्या कुड्याची फुलेही पांढरीच असतात. अरुण पुष्प हे वर्णन तांबड्या कुड्यास अधिक लागू पडते, असे आमचे मत आहे. यावर धारेवर बराच वाद झाला व तो मिटला नाही. असो.

उतरताना घाटाच्या उतारावर वाटाड्याने एका झाडाकडे बोट करून ‘डॉक्टर, ह्यो बघा कुडा’ म्हटले. पाहिले तर नागलकुडा! चोचीसारखी वाकडी, पिवळी-नारिंगी जोडफळे लागलेली. चीक पांढरा, पाने समोरासमोर, नावात कुडा; सालीचा भारा बांधणाऱ्या मजुराने फरक का करावा? पोत्यात भेसळ नेहमी लबाडीनेच शिरते असे नाही, कित्येकदा ती नावाच्या सारखेपणाने शिरते.

खऱ्या कुड्याचे झाड अभयारण्याबाहेर, घाट उतरल्यावर रस्त्याकडेला भेटले. शेंगांच्या बारीक, पांढरे ठिपके असलेल्या जोड्या सुट्या लोंबत होत्या. काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळेपणी टोकाशी चिकटलेल्या असतात. फुटलेल्या शेंगेतील कडू इंद्रजवाचे केसर तपकिरी, गोड इंद्रजवाचे पांढरे. पाने व शेंगा असताना ओळख इतकी सोपी आहे. सोललेली, वाळलेली साल हाती आल्यावर उरते ती जीभ, म्हणून आम्ही आता प्रत्येक पोत्यातील निदान पाच तुकडे वेगवेगळ्या थरांतून काढून चघळतो आणि पानाफळांसह नमुना न दाखवणाऱ्याकडून साल घेत नाही.

जामसंड्याच्या सड्यावर आमच्या बालपणी कुडा उदंड होता. कातळ फोडून हापूसच्या बागा झाल्या, तसा तो बांधापुरता उरला. कुडा तोडल्यावर खोडातून व मुळांतून पुन्हा फुटतो. बुंध्याची साल सभोवार सोलली की मात्र झाड उभ्या उभ्या वाळते. आमच्या बागेच्या बांधावर सात झाडे राखली आहेत. छाटलेल्या फांद्यांचीच साल घेतो. ती थोडी मिळते, पण एका चिकित्सालयास पुरते.

व्यापाऱ्यास आम्ही सर्व कळविले. त्याने वाद घातला नाही. पोते परत पाठवा, पैसे परत करतो, असा सभ्य निरोप दिला. ते पोते पुढे कोणाच्या कोठीत जाईल हे विचारल्यावर तो काही बोलला नाही. पैसे आम्ही सोडून दिले. साल महिनाभर बंबाखाली जाळली.