देवनारहून पोलीस कक्षात, तुरुंगात, फलाटावर

डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं आणि सासरी होणारा विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. कायदा झाला, पण तो घेऊन बाई जाणार कुठे? पोलिसांकडेच. आणि तिथे तिला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळायचं: घरचं भांडण आहे, घरी जाऊन मिटवा. पुढच्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या सहकार्यानं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, तोही थेट पोलीस आयुक्तालयात. जागा पोलिसांची होती. तिथे बसणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती मात्र पोलीस खात्याची नोकर नव्हती. तिची बांधिलकी समोर बसलेल्या बाईशी होती.

आपल्या विद्यापीठीय इतिहासात असे प्रसंग थोडे आहेत. प्रश्न जिथे येऊन धडकतो तिथेच माणूस बसवायचा, त्याच्या रोजच्या कामातून समजून घ्यायचं, आणि जमलेली समज सरकारपुढे ठेवायची, अशी ही रीत. संस्थेत या उपक्रमांना ‘फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट’ म्हणतात.

या रीतीची मुळं नागपाड्यात सापडतात. अमेरिकन मराठी मिशनतर्फे आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२० च्या दशकापासून तिथल्या दाट वस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ चालवत होते. वस्तीत काम करायचं तर नुसत्या दयाबुद्धीनं भागत नाही, शिकलेली माणसं लागतात, हे त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पटवून दिलं. त्यातून १९३६ मध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा, म्हणजेच पुढची ही संस्था, सुरू झाली, आणि तिचे पहिले वर्ग याच नेबरहुड हाउसमध्ये भरले. १९३७ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघालं. अभ्यासात मागे पडणाऱ्या, हट्टी किंवा घाबरट ठरवल्या गेलेल्या मुलांकडे मानसशास्त्राच्या नजरेनं पाहण्याचा आपल्या देशातला तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. १९४० मध्ये संस्थेचं नियतकालिक सुरू झालं. फाळणीनंतर संस्थेची मंडळी कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत कामाला गेली. १९५४ मध्ये देवनारचा परिसर मिळाला, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा.

विशेष कक्षात काम कसं चालतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. आलेल्या बाईला आधी बोलू देतात, मध्ये तोडत नाहीत. तिला काय हवंय ते तिलाच विचारतात: परत नांदायला जायचंय, वेगळं राहायचंय, की आधी फक्त मारहाण थांबायला हवी? मग नवऱ्याला आणि सासरच्यांना बोलावणं जातं. ते पोलिसांच्या इमारतीतून आलेलं असल्यामुळे सहसा कुणी टाळत नाही. कधी कार्यकर्ती पोलिसाला सोबत घेऊन बाईच्या सासरी जाते आणि तिचे दागिने, कपडे, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले मिळवून देते. बाहेरच्याला ही किरकोळ कामं वाटतील. पण दाखला सासरी अडकला की मुलाचा प्रवेश अडतो, आणि मुलाच्या शाळेपायी कितीतरी बायका निमूट मार खायला परत जातात. कोण येतं, किती वर्षं सोसून येतं, आधी कुणाकुणाची दारं ठोठावून येतं, हे या कक्षाच्या नोंदींतून लखलखीत दिसू लागलं. पुढे महाराष्ट्र शासनानं ही रचना आपलीशी केली, कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले आणि इतर राज्यांनीही तो नमुना उचलला.

१९९० मध्ये ‘प्रयास’ सुरू झाला आणि संस्थेची माणसं तुरुंगात जाऊ लागली. आजही देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी असतात. त्यांचा खटलाच संपलेला नसतो. अनेकांचा जामीन मंजूर होऊनही ते आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही, कागदपत्रं नसतात, घरच्यांना अटकेचा पत्ताही नसतो. ‘प्रयास’चे कार्यकर्ते घरी निरोप पोहोचवतात, कागद जमवतात, वकिलाशी गाठ घालून देतात आणि सुटल्यावर राहण्याची, कामाची सोय लागेपर्यंत माणसाला सोडत नाहीत. जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्या कैद्याची खबर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते २०२३ मध्ये. तुरुंगात जाणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना हे दुखणं तीन दशकं आधीपासून दिसत होतं.

चाइल्डलाइनची गोष्ट अधिक लोकांना ठाऊक असेल. संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रेल्वे स्थानकांवर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांना भेटायच्या आणि अडीअडचणीला आपला घरचा फोन नंबर देऊन यायच्या. मुलं खरंच फोन करू लागली, रात्री-अपरात्रीसुद्धा. कुणाला मारलेलं असायचं, कुणी आजारी असायचं. एका बाईच्या घरच्या फोनवर हे चालणं शक्य नव्हतं. जून १९९६ मध्ये मुंबईत मोफत सेवा सुरू झाली. तिचा नंबर १०९८; मुलं त्याला ‘दस-नौ-आठ’ म्हणू लागली, कारण उलट मोजत गेलं की तो विसरत नाही. सेवा मुलांना विचारून घडवली गेली, आणि तिच्या यशाचं मोठं श्रेय त्यालाच आहे.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल गेला, तोही याच संस्थेचा. २०१२ मध्ये फोनवरून मानसिक समुपदेशन देणारी ‘आयकॉल’ सेवा सुरू झाली.

‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ चा. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा, आणि त्याखाली नुसता रस्त्यावर राहणारा माणूसही भिकारी ठरवून डांबता येतो. देवनारपासून जवळच, चेंबूरच्या भिक्षेकरीगृहात, ‘कोशिश’चे कार्यकर्ते जाऊ लागले. याच चमूला पुढे बिहार सरकारनं आपल्या निवारागृहांची पाहणी करायला सांगितलं. ११० संस्था पाहून झाल्यावर २०१८ मध्ये अहवाल गेला. त्यात मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचं नाव होतं. मुलींशी विश्वासानं बोलल्यामुळेच तिथले अत्याचार उघड झाले. नंतर तपासात ३० हून अधिक मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची पुष्टी झाली, आणि २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. एका विद्यापीठीय अहवालानं इतकं केल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

इतकं होऊनही या प्रकल्पांचा पाया डळमळीतच राहिला. ते चालतात देणगीवर, मुदतीच्या अनुदानावर. जून २०२४ मध्ये शंभराहून अधिक कंत्राटी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना संस्थेतून कमी केल्याची पत्रं गेली. टाटा ट्रस्टकडून निधीचं आश्वासन आल्यावर ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. चाइल्डलाइनचा कारभार २०२३ मध्ये सरकारकडे गेला आणि ती ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडली गेली. सरकारनं जबाबदारी घेणं योग्यच आहे. पण फोन उचलण्याइतकंच, त्यानंतर फलाटावर धावत जाणारा ओळखीचा माणूस असणंही महत्त्वाचं आहे, आणि तो माणूस वर्षानुवर्षांच्या कामातूनच तयार होतो. शोधनिबंधांची संख्या मोजून विद्यापीठांची प्रत ठरवणाऱ्या व्यवस्थेत या कामाला जागा मिळत नाही. ती मिळायला हवी, आणि पोलीस कक्षातल्या, तुरुंगातल्या समाजकार्यकर्त्यांची पदं कायम व्हायला हवीत.

तोवर वाचकांनी एवढं तरी करावं: संकटात सापडलेलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करावा. तो आजही मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.